भाड्याच्या घरातल्या मालकाच्या वस्तू: वापर कुणाचा, दुरुस्ती कुणाची, डिपॉझिटमधून काय कापता येतं? (महाराष्ट्र, लिव्ह अँड लायसन्स)

रिकामा_कोनाडा

नमस्कार. आम्ही सध्या फर्निश्ड फ्लॅटमध्ये लिव्ह अँड लायसन्सवर राहतो. करार ११ महिन्यांचा, नोंदणी झालेला. घर चांगलं आहे, मालकही एरवी सरळ आहेत, पण घरातल्या वस्तूंवरून कुरबुर सुरू झाली आहे. जाणकारांनी नीट सांगावं म्हणून हा धागा.

फ्रीज थंड करेनासा झाला. टेक्निशियन म्हणाला, कॉम्प्रेसर गेलाय. मालकांचं म्हणणं, "तुमच्याकडे असताना बिघडला, तुम्ही करून घ्या." आम्ही आलो तेव्हाच फ्रीज बराच जुना होता.

एका बेडरूममधलं भिंतीतलं कपाट मालकांनी स्वतःचं सामान भरून कुलूप लावून ठेवलं आहे. घर दाखवताना त्याचा विषयच निघाला नव्हता. बाल्कनीत एक वॉशिंग मशीन आहे, ते मालकांचं नाही, आधीच्या भाडेकरूंचं आहे आणि "ते कधीतरी नेतील" असं एजंट म्हणाला होता. आणि आता मालकांचा मेसेज आला आहे की हॉलमधला सोफा त्यांना मुलीच्या घरी न्यायचा आहे, रविवारी माणसं पाठवतो.

सोफा त्यांचाच आहे, हे मान्य. पण भाडं ठरवताना "फुल फर्निश्ड" म्हणूनच ठरलं होतं. वस्तू मालकाची असली तरी करार संपेपर्यंत आपला तिच्यावर काही हक्क असतो की नाही?

पिवळा_दिवा

असतोच. वस्तू त्यांची, वापर तुमचा. भाडं तुम्ही चार भिंतींचं देत नाही, सोफ्यासकट घराचं देता. करारात वस्तूंची यादी आहे का, ते आधी बघा. ऑनलाइन नोंदणीच्या करारात फर्निचर आणि उपकरणांची यादी टाकायची सोय असते. बरेच एजंट "पंखे ४, ट्यूब ३" एवढंच टाकून मोकळे होतात.

रिकामा_कोनाडा

आत्ता उघडून पाहिलं. यादीत सोफा आहे, फ्रीज आहे, गिझर दोन, बेड दोन, गाद्या नाहीत (!), एसी एक. कुलूपबंद कपाटाचा आणि वॉशिंग मशीनचा उल्लेख नाही.

कायद्याची_वाट

मी दिवाणी वकिली करते, भाड्याची प्रकरणं नेहमी हाताळते. इथे लिहिते ते सर्वसाधारण माहितीसाठी. प्रत्यक्ष पाऊल उचलण्याआधी कागद कुणाला तरी दाखवा.

पहिली गोष्ट, तुम्ही कायद्याच्या भाषेत "भाडेकरू" नाही, "लायसन्सी" आहात, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी मिळालेले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये जुन्या अर्थाच्या भाडेकरूला जे संरक्षण आहे, त्यातलं फार थोडं लायसन्सीला लागू होतं. उदाहरणार्थ कलम १४. मालक घराची दुरुस्ती करत नसेल, तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची आणि मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा. त्याला वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश इतकी मर्यादा आहे. हे कलम वाचून बरेच लायसन्सी परस्पर भाडं कापतात आणि अडचणीत येतात. ते भाडेकरूसाठी आहे, शिवाय घराच्या दुरुस्तीसाठी आहे. फ्रीज म्हणजे घर नव्हे.

मग लायसन्सीच्या हातात काय आहे? मुख्य म्हणजे करार. त्यामागे भारतीय करार अधिनियम, १८७२ आणि भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२. लायसन्सची व्याख्याच या दुसऱ्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे.

सोफ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. यादीत आहे, म्हणजे तो तुम्ही मोबदला देऊन वापरायला घेतला आहे. मुदत चालू असताना तो नेणं हा करारभंग आहे. मालकांना तो न्यायचाच असेल तर तुमच्याशी बोलून, लेखी बदल करून, त्याबदल्यात दुसरा सोफा किंवा भाड्यात कपात असं काहीतरी ठरवून न्यावा लागेल. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि तो सभ्यपणे वापरता येतो: "यादीतली वस्तू आहे, करार संपेपर्यंत इथेच राहू द्या, किंवा बदली वस्तू द्या." एवढा एक मेसेज पुरतो. माणसं दारात येऊन उभी राहायच्या आधी तो पाठवा.

दोन_चाव्या

मी घरमालक आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. सोफा नेण्याबाबत वकीलबाईंशी सहमत, मधूनच वस्तू उचलणं बरोबर नाही.

पण फ्रीजबद्दल सगळा दोष मालकावर टाकू नका. माझ्या फ्लॅटमधून एका कुटुंबाने घर सोडलं तेव्हा फ्रीजरच्या भिंतीला भोक होतं. बर्फ चाकूने खरवडला होता. गॅस निघून गेला. त्यांचं म्हणणं "जुना होता". जुना होता हे खरं, चालू होता हेही खरं. माझ्यासारख्या निवृत्त माणसाला भाड्याच्या पैशातून दर वर्षी एक उपकरण नवीन घेणं परवडत नाही. फर्निश्ड घर देणारे मालक हळूहळू सगळं काढून रिकामं घर देऊ लागतात, ते यामुळेच.

गॅस्केट

मी फ्रीज, वॉशिंग मशीन, गिझर दुरुस्त करतो. हे भांडण मी जवळजवळ प्रत्येक फर्निश्ड घरात बघतो. दोघंही माझ्याकडे बघतात, "सांगा, चूक कुणाची?" म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बिघाड दोन जातीचे असतात. वयाने येणारे आणि वापराने येणारे. बऱ्याचदा वस्तू उघडली की कळतं.

फ्रीजचा कॉम्प्रेसर: आतली वाइंडिंग जळणं, व्हॉल्व्ह कमजोर होऊन पंपिंग उतरणं हे बहुतेक वेळा वयाचं आणि व्होल्टेजचं काम आहे. घरात राहणाऱ्याने दार उघडबंद केल्याने कॉम्प्रेसर जात नाही. हां, फ्रीज भिंतीला घट्ट चिकटवून ठेवला, मागची जाळी धुळीने भरली, तर तो सतत चालतो, तापतो आणि आयुष्य कमी होतं. पण त्यातही अनेक वर्षांची धूळ असेल तर ती शेवटच्या भाडेकरूच्या माथी कशी मारणार? रिले किंवा ओव्हरलोड प्रोटेक्टर गेला असेल तर खर्च अगदी किरकोळ असतो आणि लक्षण कॉम्प्रेसर गेल्यासारखंच दिसतं. म्हणून कोनाडा, दुसऱ्या माणसाकडून एकदा तपासून घ्या आणि त्याच्याकडून लेखी घ्या: काय गेलं, का गेलं, मशीनचं साधारण वय काय. मागच्या स्टिकरवर मॉडेल आणि सिरियल नंबर असतो, कित्येकदा उत्पादनाचा महिना-वर्षही असतं. त्याचा फोटो काढा. वयावरून चाललेला वाद तिथेच संपतो.

दोन_चाव्या काकांनी सांगितलेलं भोक मात्र शंभर टक्के वापराचं. चाकू, स्क्रू ड्रायव्हर, काहीही टोकदार. त्याचे पैसे राहणाऱ्याने द्यायला हवेत.

गिझर: पाणी जड असेल तर कॉइलवर क्षार बसतो, कॉइल फुटते. टाकीत अ‍ॅनोड रॉड असतो. तो झिजून टाकीला गंजापासून वाचवतो. तो वेळेवर बदलला नाही की टाकी गळते. हे मालकाचं काम, कारण भाडेकरू ११ महिन्यांसाठी येतो आणि रॉड त्याच्या आधीपासून झिजत असतो. थर्मोस्टॅट जाणं वयाचं. पाणी नसताना गिझर चालू ठेवून कॉइल जाळणं वापराचं.

एसी: फिल्टर धुणं राहणाऱ्याचं काम. कॉइलला गळती लागून गॅस जाणं राहणाऱ्याच्या हातात नसतं. "गॅस भरून द्या" म्हणून दर उन्हाळ्यात भाडेकरूकडून पैसे घेणारे मालक मी पाहिले आहेत. गॅस संपत नसतो, गळत असतो. गळती न शोधता नुसता भरला तर पुन्हा जाणारच.

वॉशिंग मशीन: खिशातली नाणी, पिना पंपात अडकणं हे वापराचं. बेअरिंगचा आवाज वयाचा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं राहून गेलं तर वापराचं, पण जुन्या बॅटरीने बॅकअप देणं सोडलं तर वयाचं.

उंदराने वायर खाल्ली, विजेच्या झटक्याने पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) उडाला, अशा वेळी खरंच कुणाचीच चूक नसते. तिथे मी दोघांना अर्धे-अर्धे वाटून घ्यायला सांगतो. कायदा काय म्हणतो मला माहीत नाही.

कायद्याची_वाट

गॅस्केट, तुमची ही पोस्ट जपून ठेवण्यासारखी आहे. कायदाही साधारण याच रेषेवर चालतो.

एकाची वस्तू दुसऱ्याकडे वापरायला दिली जाते, काम झाल्यावर परत करायची असते, याला करार अधिनियमात निक्षेप म्हणतात (कलम १४८ पासून पुढे). घराबरोबर दिलेल्या सुट्या वस्तू, म्हणजे फ्रीज, सोफा, बेड, मी याच चौकटीत बघते. त्यातली तीन कलमं इथे थेट उपयोगी आहेत.

कलम १५१: वस्तू घेणाऱ्याने सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी घ्यायची. त्याहून जास्त नाही, कमीही नाही. कलम १५२: तेवढी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर नुकसानीला तो जबाबदार नाही. उंदीर आणि वीज यांचं उत्तर इथे सापडतं. कलम १५०: मालकाला माहीत असलेले दोष त्याने आधी सांगायलाच हवेत. आणि वस्तू भाड्याने दिलेली असेल, तर दोष मालकाला माहीत असो वा नसो, त्यातून होणाऱ्या नुकसानीला तो जबाबदार. शॉक देणारा गिझर घरात ठेवून "मला कल्पना नव्हती" म्हणता येत नाही, ते याच कलमामुळे.

मात्र कलम १५२ मधले "वेगळा करार नसेल तर" हे शब्द नीट वाचा. करारात "सर्व उपकरणांची दुरुस्ती लायसन्सी स्वखर्चाने करेल" असं वाक्य असेल तर चित्र बदलतं. हे वाक्य सर्रास घुसवलेलं असतं. सही करण्याआधी ते असं बदलून घ्या: "वापरातील निष्काळजीपणामुळे झालेली दुरुस्ती लायसन्सी करेल, वयोमानाने व नैसर्गिक झिजेने आलेले बिघाड लायसन्सर (म्हणजे मालक) दुरुस्त करेल." एवढ्या एका वाक्याने फ्रीजचा प्रश्न सुटला असता. कोनाडा, तुमच्या करारात काय लिहिलं आहे?

रिकामा_कोनाडा

"लायसन्सीने जागा व वस्तू सुस्थितीत ठेवाव्यात, नैसर्गिक झीज वगळून." एवढंच आहे.

कायद्याची_वाट

उत्तम. मग कॉम्प्रेसर वयामुळे गेला असं टेक्निशियनने लेखी दिलं, तर खर्च मालकांचा, असं ठामपणे म्हणता येईल. पण दुरुस्ती परस्पर करून भाडं कापू नका. आधी कोटेशन मालकांना पाठवा, त्यांची संमती मेसेजवर घ्या, मग करा.

उंबरठा

आदर्श भाडे कायदा आला ना २०२१ मध्ये? त्यात भाडेकरूला दुरुस्ती करून भाड्यातून कापता येते असं वाचलं होतं. आणि डिपॉझिट दोन महिन्यांच्या वर घेता येत नाही.

कायद्याची_वाट

तो केंद्र सरकारने राज्यांसाठी केलेला नमुना आहे. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केला. भाडं हा राज्यांचा विषय, त्यामुळे राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. महाराष्ट्रातले व्यवहार १९९९ च्या कायद्यावर चालतात. त्यामुळे घरगुती डिपॉझिटला दोन महिन्यांची मर्यादा आणि दुरुस्तीचा खर्च पुढच्या भाड्यातून, कोणत्याही एका महिन्यात भाड्याच्या निम्म्यापर्यंत, कापायची मुभा, या दोन्ही गोष्टी आपल्या करारावर लादता येत नाहीत.

आणि तो नमुना प्रत्येक बाबतीत भाडेकरूच्या बाजूने आहे असंही नाही. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कामांची वाटणी आहे. रंगसफेदी, पाण्याचे पाइप, वायरिंग मालकाकडे. नळाचे वॉशर, स्विच-सॉकेट, कपाटांची कुलपं-मुठी, खिडक्यांच्या काचा आणि गिझरची दुरुस्तीसुद्धा भाडेकरूकडे! अर्थात करारात वेगळं ठरलं नसेल तर.

गॅस्केट

गिझर भाडेकरूकडे? स्विच-सॉकेट समजू शकतो. पण गळक्या टाकीचा गिझर नव्या माणसाच्या गळ्यात मारणं मला पटत नाही. तो तीन महिने राहून जाणार आणि टाकी दहा वर्षांची.

दोन_चाव्या

मला पटतं. छोट्या दुरुस्त्यांसाठी दर वेळी मालकाला फोन येतो, प्लंबर कोण पाठवणार, कधी पाठवणार. राहणारा माणूस तिथे असतो, त्याने करून घेणं सोपं. टाकीच गळत असेल तर नवीन गिझर मालकानेच द्यावा, यात वाद नाही. मी माझ्या करारात एक रक्कम लिहून ठेवतो. त्याच्या आतली दुरुस्ती राहणाऱ्याची, वरची माझी. तेव्हापासून फोन कमी झाले आणि वादही.

उंबरठा

ही रकमेची अट फार आवडली. पुढच्या करारात घालणार.

चौथा_मजला

कुलूपबंद कपाटाबद्दल कुणी बोललं नाही अजून. मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे आणि यावरून झालेली भांडणं पाहिली आहेत. मालक आपल्या कपाटातलं काहीतरी काढायचं म्हणून केव्हाही येतात, बेल वाजवतात, कधी घरात कुणी नसताना स्वतःच्या चावीने उघडतात. एका घरात एकटी मुलगी राहत होती. मालक असे येऊन गेल्याचं तिला चपलांच्या जागेवरून कळलं. तिची भीती मी विसरू शकत नाही.

मालकांनी सामान ठेवायचं तर एक अख्खी खोली कराराबाहेर काढावी, तसं लिहावं आणि भाडं त्याप्रमाणे धरावं. राहत्या बेडरूममधलं कपाट हा गोंधळाचाच रस्ता आहे.

पिवळा_दिवा

शिवाय त्या कपाटाला वाळवी लागली तर? ओल आली तर? आत काय होतं हे भाडेकरूला माहीत नाही आणि उद्या "माझी चांदीची भांडी होती" असं कुणी म्हटलं तर काय करणार?

कायद्याची_वाट

म्हणूनच दोन ओळी लेखी घ्या: कपाट मालकांच्या ताब्यात आणि जबाबदारीवर आहे, आतल्या वस्तूंची लायसन्सीला माहिती नाही. मालकांना ते उघडायचं असेल तर आधी कळवून, तुमच्या उपस्थितीत. आदर्श कायद्यात घरात यायला २४ तास आधी सूचना द्यावी असं आहे. आपल्याकडे तो लागू नसला तरी करारात ती अट घालायला कुणाची हरकत नसते. मालक चांगला असेल तर लगेच मान्य करतो, आणि नाही म्हणाला तर सही करण्याआधी तुम्हाला विचार करायला वेळ असतो.

कपाट नको असेल तर "दाखवताना सांगितलं नव्हतं, रिकामं करून द्या" अशी मागणीही तुम्ही करू शकता. करारात पूर्ण फ्लॅट लिहिलेला आहे आणि कपाट वगळलेलं नाही.

रिकामा_कोनाडा

धन्यवाद. आणि वॉशिंग मशीन? आम्ही ते वापरलेलं नाही. पण बाल्कनीची निम्मी जागा अडली आहे. भंगारात द्यावं असं घरात सगळ्यांचं मत आहे.

कायद्याची_वाट

भंगारात अजिबात देऊ नका. वस्तू सोडून गेलेल्याची मालकी लगेच संपत नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात घेतली की करार अधिनियमाच्या कलम ७१ प्रमाणे निक्षेपगृहीत्यासारखी (वस्तू वापरायला किंवा सांभाळायला घेणाऱ्यासारखी) जबाबदारी येते, म्हणजे पुन्हा ते कलम १५१ चं सामान्य शहाण्या माणसाचं मोजमाप. विकून पैसे ठेवले तर तक्रार फौजदारीकडेही जाऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये दुसऱ्याची जंगम मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वतःकडे वळवणं हा गुन्हा आहे.

वापरलं नाहीत हे चांगलं केलंत, तसंच राहू द्या. मालकांना लिहा: आमच्या यादीत नसलेली ही वस्तू अमुक मुदतीत हलवावी, नाहीतर ती आम्ही तुमच्या ताब्यात देऊ. आधीच्या माणसाशी त्यांचा करार होता, तुमचा नव्हता. त्याला शोधणं हे त्यांचं काम. मशीनचे चारी बाजूंनी फोटो काढून त्या मेसेजला जोडा.

उंबरठा

माझी उलटी बाजू आहे. मी घर सोडलं, माझा स्वतःचा बेड आणि अभ्यासाचं टेबल तिथे राहिलं कारण टेम्पो भरला होता. दुसऱ्या दिवशी आणायला गेलो तर मालक म्हणाले, रंगकामाचे पैसे द्या मग सामान न्या. असं अडवता येतं का?

कायद्याची_वाट

नाही. सुविधाधिकार अधिनियमाचं कलम ६३ इथे तुमच्या बाजूने आहे: लायसन्स रद्द झाल्यावर जागा सोडायला आणि तिथे ठेवू दिलेला माल हलवायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क लायसन्सीला आहे. मुदत संपून गेल्यावरही वस्तू तुमचीच राहते, येणं बाकी आहे म्हणून मालकाची होत नाही. येणं असेल तर त्यांनी हिशेब द्यावा, डिपॉझिटमधून वाजवी तेवढं घ्यावं, न पटल्यास दावा लावावा.

पण "वाजवी वेळ" म्हणजे महिनाभर नव्हे. चावी देताना लिहून द्या: "बेड १, टेबल १ शिल्लक, उद्या संध्याकाळपर्यंत नेतो." घराचा ताबा मात्र वेळेत सोडा. मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्या लायसन्सीला १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. डिपॉझिट मिळेपर्यंत घरात बसून राहण्याचा सल्ला देणारे खूप भेटतील, तो ऐकू नका.

पिवळा_दिवा

आणि डिपॉझिट देत नाहीत म्हणून मालकाचा टीव्ही उचलून नेला तर? माझ्या ओळखीच्या एकाने केलंय.

कायद्याची_वाट

त्याच्या हातातली भक्कम दिवाणी बाजू त्याने स्वतः फौजदारी अडचणीत बदलली. विश्वासाने सोपवलेली वस्तू वळवणं हे न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये येतं. पैसे येणं आहे या कारणाने दुसऱ्याची वस्तू आपली होत नाही. हे वर मालकाला लागू होतं तसंच इथे आपल्यालाही.

रिकामा_कोनाडा

मुख्य धास्ती डिपॉझिटचीच आहे. घर सोडताना "गादी खराब, सोफ्याचं कापड फाटलं, नवीन घ्यावा लागेल" म्हणून पूर्ण किंमत कापतात असं ऐकलं आहे. असं कापता येतं का?

कायद्याची_वाट

नैसर्गिक झिजेचं काहीही कापता येत नाही. बसून बसून सोफा दबणं, उन्हाने पडदे विटणं, गादी मध्ये खचणं, ही झीज आहे आणि तिचे पैसे तुम्ही दर महिन्याला भाड्यातून दिले आहेत. इस्त्रीचा डाग, जळालेला ओटा, फुटलेली काच हे नुकसान.

नुकसान झालं तरी नव्या वस्तूची किंमत देणं लागत नाही. करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईच देतं, लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. समजा एखादी वस्तू साधारण दहा वर्षं टिकते आणि आठ वर्षं पूर्ण झाल्यावर तुमच्या हातून मोडली. मालकांचं नुकसान उरलेल्या दोन वर्षांचं, म्हणजे पाचव्या हिश्श्याचं. दुरुस्ती होत असेल तर दुरुस्तीचं बिल. बिल मागा, बिलाशिवाय कपात मान्य करू नका.

दोन_चाव्या

हा दहा वर्षांचा हिशेब मालकाच्या दृष्टीनेही बरा आहे, फक्त दोघांनी आधी मान्य करायला हवा. मी आता यादीत प्रत्येक वस्तूपुढे घेतल्याचं वर्ष लिहितो. पूर्वीच्या ओरखड्यांचीही नोंद करतो. भाडेकरू आधी चकित होतात, मग खूश होतात.

चौथा_मजला

काका, तुमच्यासारखे मालक आमच्या सोसायटीत पाठवा. खरंच सांगतो, निम्म्या तक्रारी बंद होतील.

पिवळा_दिवा

राहायला येतानाच व्हिडिओ करा. प्रत्येक वस्तू चालू करून दाखवा: एसीची थंड हवा, गिझरचा दिवा, मशीनचं एक चक्र, गॅस शेगडीचे सगळे बर्नर. गाद्या उलटून शिवणीत ढेकूण आहेत का बघा. कपाटांच्या मागे वाळवीचा माग. मग त्याच दिवशी मालकांना पाठवा. महिन्याने पाठवलेल्या व्हिडिओला कुणी विचारत नाही.

कायद्याची_वाट

आणि मूळ फाइल फोनमधून पुसू नका. प्रकरण न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं. दहा ठिकाणी फॉरवर्ड झालेल्या फोटोपेक्षा मूळ फाइल कधीही बरी.

यादी नाही आणि करारही नोंदवलेला नाही, अशांसाठी एक गोष्ट. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची. तसं नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे लायसन्सलाही लागू आहे. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "नोंदणीचा खर्च वाचवू" म्हणणाऱ्या मालकांना हे कलम जरूर दाखवा. फ्रीज चालू होता की बंद, याचा वाद मग त्यांनाच सिद्ध करत बसावा लागतो.

रिकामा_कोनाडा

अपडेट देतो. काल मालकांशी बोललो. सोफा करार संपेपर्यंत इथेच राहणार. त्यांना यादीचं लक्षात नव्हतं म्हणाले, आणि वाईट वाटून घेतलं नाही. फ्रीज गॅस्केट यांच्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाला दाखवला. कॉम्प्रेसरच आहे, पण स्टिकरवरच्या वर्षाचा फोटो पाठवल्यावर मालकांनी खर्च मान्य केला. कपाट ते रिकामं करणार नाहीत, पण कळवून येण्याची अट मेसेजवर लिहून दिली. गाद्या यादीत नव्हत्या, त्या फोटोंसकट जोडून घेतल्या. वॉशिंग मशीनचं घोडं अजून अडलेलं आहे, आधीचे भाडेकरू फोन उचलत नाहीत.

एक शेवटचं विचारतो. दुसऱ्या बेडरूममध्ये आम्हाला स्वतःचा एसी लावायचा आहे. जाताना नेता येईल ना? भिंतीला भोक पडणार.

कायद्याची_वाट

जुन्या अर्थाच्या भाडेकरूसाठी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्ये स्पष्ट आहे: स्वतः बसवलेल्या वस्तू ताबा असेपर्यंत काढून नेता येतात, घर मिळालं होतं त्या स्थितीत ठेवण्याच्या अटीवर. लायसन्सीने हे गृहीत धरू नये, आधी परवानगी घ्यावी. मेसेजमध्ये तीन गोष्टी येऊ द्या: एसी तुमचा आहे, जाताना तुम्ही नेणार, भोक बुजवून रंग लावून देणार. बिल तुमच्या नावाचं ठेवा.

चौथा_मजला

आणि आउटडोअर युनिट बाहेरच्या भिंतीवर बसवायच्या आधी सोसायटीला विचारा. जागा आणि पाण्याचा पाइप कुठून न्यायचा, याचे बऱ्याच सोसायट्यांचे नियम असतात. जाताना सामान बाहेर काढायला गेटवर मालकांचं पत्र मागतात, तेही आधीच घेऊन ठेवा.

गॅस्केट

काढताना गॅस युनिटमध्ये ओढून घेणाऱ्या माणसाकडूनच काढून घ्या, नाहीतर नव्या घरात भरायचा खर्च येतो. तांब्याचा पाइप तुम्ही घेतलेला असेल तर तोही तुमचाच. आणि स्टॅबिलायझर आठवणीने काढा, तो भिंतीवर तसाच राहतो आणि पुढच्या भाडेकरूच्या यादीत मालकाचा म्हणून जातो.